मामांची उडती किटली

उभ्या मराठवाड्यात दोन मिनिटं एका जागी न बसलेला माणूस दाखवा म्हणालात, तर मी तुम्हांला थेट माझ्या बायकोच्या मामांकडे नेईन. फक्त आपण पोचेपर्यंत ते घरी असतील याची हमी देणार नाही. चहा उभ्यानं, पेपर चालता चालता, आणि जेवताना मध्येच उठून खरकट्या हातानं भिंतीवर पेन्सिलीची रेघ. बस त्यांच्या पडेगावला थांबायच्या आत हे बसच्या दारात. आयुष्यभर एका वर्कशॉपात पत्रे ठोकले, आणि निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ रॉकेटं बनवू लागला. पुठ्ठ्याची, हातभर उंच, दारू भरून खरोखर उडणारी. बरं, ती तरी रॉकेटासारखी दिसावीत! छे! वांग्याचं रॉकेट झालं, इस्त्रीचं झालं, चारही मिनारांसकट मकबऱ्याचं झालं. "लांबुडकं काय, कुणीबी उडवंल, जावईबापू," ते मला म्हणायचे. "वांगं उडवून दाखवा म्हणावं!" वांगं उडालं, पण आडवं, आणि एका मेंढपाळाच्या कळपात शिरलं. मेंढरं गोळा करण्यात आमचा सबंध रविवार गेला, आणि मामा पळता पळता मला देठाचा कोन समजावत होते.

या उद्योगात मामींचा वाटा छत्रीचा. रॉकेट हळू उतरावं म्हणून त्याच्या पोटात कापडाची छोटी छत्री घडी करून ठेवतात. ती मामी ब्लाउजच्या अस्तराची शिवून द्यायच्या. उड्डाण बघायला मात्र कधी आल्या नाहीत. "हे वय हाय का असलं काय उडवायचं? लोक हसत्यात," म्हणायच्या. सारं गाव हसलं तरी मामांना फिकीर नव्हती, पण मामींनी एकदा तरी यावं म्हणून त्यांचा जीव तुटायचा. शेवटी त्यांनी मामींच्याच स्वयंपाकघरातल्या किटलीसारखं पुठ्ठ्याचं रॉकेट केलं, तोटीसकट, आणि मामी चक्क 'येते' म्हणाल्या. त्या आठवड्यात मामांनी मला इतक्या हाका मारल्या की माझाही पाय घरात ठरेना.

पडेगावच्या पडीक रानात मामी नवं लुगडं नेसून उभ्या राहिल्या. किटली सुटली आणि गरगरत का होईना, वर गेली! "अगं बाई, गेली की वो!" मामी टाळ्या पिटत ओरडल्या. मग ती दगडासारखी खाली आली. छत्री बाहेर पडली होती, पण उघडली नव्हती. मी उचलली तर पापडासारखी कडक. मामींनी तिला कांजी घालून, इस्त्री करून, घडी घालून दिली होती, आणि मामांनी घाईघाईत ती तशीच कोंबली होती.

"सगळं पडेगाव बघणार, मग चुरगळलेलं कापड कसं द्यावं?" मामी मला म्हणाल्या. "पण उघडली का नाय वो ती?"

मी तोंड उघडणार तोच मामांनी माझा हात दाबला.

"वारं पडलं ना ऐनवेळी," ते म्हणाले. "छत्री तर एक नंबर होती."

तेव्हापासून मामी हौसेनं कांजीची छत्री द्यायच्या, आणि मामा तासभर आधी रानात जाऊन तांब्याभर पाण्यात ती धुवायचे, बाभळीवर वाळत घालायचे. ती वाळेपर्यंत हा माणूस मांडी घालून गप्प बसायचा. मी स्वतः पाहिलंय, नाहीतर विश्वास ठेवला नसता. मामी मागाहून डबा घेऊन यायच्या. छत्री अलगद उघडली की म्हणायच्या, "बघा, कडक इस्त्रीचा गुण!" मामा मान डोलवायचे.

मामी गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. छत्र्या गल्लीतला शिंपी शिवतो, मऊ, बिनकांजीच्या. परवा मामांबरोबर रानात गेलो, तर त्यांनी पिशवीतून तांब्या काढला.

"मामा, हिला कांजी नाहीये."

"माहीत हाय," ते म्हणाले. छत्री धुतली, बाभळीवर पसरली आणि मांडी घालून बसले. "बसा जावईबापू. वाळू द्या."

मी बसलो.