न उठलेला अंगठा

"आजी, तुमचा अंगठाच उठत नाही," आधार केंद्रातला माणूस म्हणाला. मशीनवरचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. त्या आठवड्यातली माझी ही तिसरी खेप होती. त्यानं माझं कार्ड काचेखालून परत सरकवलं आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "चला, पुढचे."

मी हलले नाही.

शेजारी माझी नात उभी होती. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद: गुणपत्रिका, शाळेचा दाखला, कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र. तळेगावला इंजिनिअरिंगला तिला जागा मिळाली होती, स्वतःच्या मार्कांवर. फी मात्र सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तरच जमणार होती. त्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो पालकाच्या नावानं काढतात. तिची आई लवकर गेली. बाप, म्हणजे माझा मुलगा, तीन वर्षांमागं गेला. तेव्हा पालक मी.

दाखल्याचा अर्ज भरला की मोबाईलवर ओटीपी येतो. तो सांगितल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. माझ्या आधारला नंबर मुलाचा होता, म्हणजे ओटीपी मेलेल्या माणसाच्या फोनवर जात होता. नंबर बदलायचा तर अंगठा द्यावा लागतो. आणि अंगठा उठत नव्हता.

शिष्यवृत्तीची शेवटची तारीख अठरा दिवसांवर आली होती. नवा नंबर लागायला दोन दिवस, दाखला यायला पंधरा. त्या दिवशी झालं नसतं तर पोरीचं वर्ष गेलं असतं, आणि गेलेलं वर्ष आमच्यासारख्यांच्या घरात परत येत नाही.

खरं म्हणजे सहीच्या जागी मी जन्मात कुठं अंगठा दिला नव्हता. गावातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लोणावळ्यात होती आणि घरी धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सुटली. पुढं चिक्कीच्या कारखान्यात लागले. पगाराच्या दिवशी मुकादम शाईचा डबा पुढं करायचा आणि बायका ओळीनं अंगठे उठवायच्या. मी पेन मागायची. बायका म्हणायच्या, "सरका गं, बालिस्टरीणबाई आल्या सहीला!" म्हणू देत. मी माझं पूर्ण नाव लिहायची, वेलांटीसकट, सगळ्यांना थांबवून.

त्याच कारखान्यात अंगठा गेला. उकळता गुळाचा पाक आणि शेंगदाणे ओट्यावर ओततात, आणि थंड व्हायच्या आत हातानं पसरून वर लाटणं फिरवायचं असतं. पाण्यात बोटं बुडवायची आणि पसरायचं. एकतीस वर्षं तेच केलं. बोटांवरच्या रेघा कधी पुसल्या ते कळलं नाही. रेघांवाचून माझं काही अडलंही नव्हतं.

रांगेतल्या लोकांनी उपाय सांगायला सुरुवात केली. एक बाई म्हणाली, "मावशे, अंगठा केसातनं फिरव, त्याल लागंल."

फिरवला. लाल दिवा.

"लिंबू चोळून या उद्या."

"काल चोळलं," मी म्हणाले.

मागचा एक जण हसत म्हणाला, "आजीनं चोरी केली तर पोलिसाला घावायची न्हाई."

"मग पयली तुझ्याच घरी करते," मी म्हणाले. "पत्ता दे."

लोक हसले. नात हसली नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, जाऊ दे. मी यंदा कारखान्यात लागते. कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू."

मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "गप ऱ्हा. अंगठा माझा घासलाय, अक्कल तुझी न्हाई घासली."

तिचे डोळे भरले. मी तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही घरी जावं लागलं असतं.

खिडकीजवळून मी बाजूला झाले, पण दाराबाहेर गेले नाही. उभ्या उभ्या भिंत वाचायला लागले. मला ती खोड आहे. वाचायला येतं तर फुकट का घालवायचं? एसटीची पाटी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, चिक्कीच्या खोक्यावरची बारीक अक्षरं, जे समोर येईल ते मी वाचते. सावकाश वाचते, अक्षराला अक्षर लावून. शिकलेली माणसं भराभर वाचतात आणि अर्धं सोडतात.

कॅलेंडरच्या मागं एक पिवळा पडलेला कागद चिकटवला होता. कॅलेंडर वर करून मी ओठ हलवत वाचलं. दर किती, वेळ कोणती, कागद कोणते. मग खाली एक ओळ होती: बोटांचे ठसे न जुळल्यास बुबुळांवरून ओळख पटविली जाईल.

मी ती तीन वेळा वाचली. मग खिडकीशी गेले.

"भाऊ, बुबुळाचं मशीन कुटं हाय?"

"कसलं?"

"बुबुळाचं. डोळ्यातलं बुबुळ."

"आजी, गर्दी आहे. तुम्हाला सांगितलं ना, नाही होत."

"तुमच्याच भितीवर लिवलंय. या, वाचा."

तो उठून आला. वाचलं. मग म्हणाला, "हे जुनं आहे."

"जुनं व्हतं तर काढायचं व्हतं. लावलंय म्हंजी चालू हाय."

मघाशी चोरीचं बोलला तोच माणूस आता म्हणाला, "बघा की साहेब, म्हातारी खरं बोलतीया."

केंद्रातल्या माणसानं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातून दुर्बिणीसारखं एक यंत्र निघालं, खोक्यात तसंच ठेवलेलं. त्यानं ते रुमालानं पुसलं, वायर जोडली आणि माझ्या तोंडासमोर धरलं. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते चालेल का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"डोळे मोठे करा, आजी. अजून मोठे."

"एवढे डोळे मुकादमावर वटारले असते तर त्यानं रजा दिली असती," मी म्हणाले, पण पापणी हलवली नाही. डोळ्यातून पाणी यायला लागलं तरी हलवली नाही.

दिवा हिरवा झाला.

नात पिशवी घट्ट धरून उभी होती. तेल लावायला सांगणारी बाई म्हणाली, "मावशे, किती शिकलीयास गं?"

"चौथी."

"आन् आमी धावी झालेली हितं मगापासनं भितीला टेकून उभी हाय."

दोन दिवसांनी नंबर लागला. ओटीपी नातीच्या फोनवर आला आणि तिनं तो मोठ्यानं वाचला. दाखला शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हातात पडला. त्याच दुपारी आम्ही लोणावळ्यात एका दुकानात बसून अर्ज पुरा केला. नात एकेक रकाना वाचून भरत होती. एका जागी तिचं बोट थांबलं.

"काय झालं?"

"पालकाचं शिक्षण विचारलंय."

"मग लिही की. लाजतीस का?"

"लाजत नाही. 'प्राथमिक' एवढंच निवडता येतंय. चौथी लिहायला जागा नाही."

मला ते पटलं नाही, पण मशीनशी किती भांडणार.

अर्जाची प्रत काढून कॉलेजात द्यायची होती. तिच्यावर खाली पालकाची सही. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं आणि सवयीनं शाईचा डबा पुढं केला. नातीनं तो मागं सारला आणि स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं. मी पूर्ण नाव लिहिलं, वेलांटीसकट.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. दर वर्षी अर्ज नव्यानं भरावा लागतो आणि दर वर्षी पालकाची सही लागते. पालक मीच आहे, चौथी पास.