आत्यानं धुतलेल्या जखमा

माझ्या आत्याच्या तोंडी 'बघू' हा शब्द नव्हता. एखादी गोष्ट करायची किंवा करायची नाही, एवढंच तिला ठाऊक. लासूर स्टेशनच्या शाळेतून निवृत्त होऊन ती संभाजीनगरात आमच्या शेजारच्या घरात एकटी राहायला आली आणि थोड्याच दिवसांत सगळ्या गल्लीची 'बाई' झाली. सोबत तिचा बंड्या होता, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा.

एका उन्हाळ्यात बंड्याच्या मानेवरचे केस गळायला लागले. मग पाठ उघडी पडली, खाजवून खाजवून जखमा झाल्या, त्यांत पू धरला. वास पार रस्त्यापर्यंत यायचा. समोरचे किराणावाले काका येऊन म्हणाले, "बाई, गल्लीत लेकरं खेळत्यात. दौलताबादकडं नेऊन सोडा याला. नाय तर गॅरेजातलं जळकं ऑईल चोपडा. गावाकडं तेच लावत्यात."

"तुमच्या पाठीला फोड आले तर लावाल का ऑईल?" आत्यानं शांतपणे विचारलं. काका परत दुकानात गेले.

दवाखान्यात न्यायला बोलावलेल्या रिक्षावाल्यानं बंड्याला पाहिलं आणि "आंटी, बाद में सवारी नहीं बैठती" म्हणत रिक्षा पुढं काढली. आत्यानं आपल्या अंथरुणावरची चादर ओढली, त्यात बंड्याला गुंडाळलं आणि त्याला मांडीवर घेऊन माझ्या स्कूटीवर मागं बसली. डॉक्टरांनी कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कातडीच्या आत बारीक किडे झाले होते. "ही खरूज माणसांना लागत नाही," ते म्हणाले, "पण बरी व्हायला महिने लागतील. उपचार मधेच सोडू नका." त्याच संध्याकाळी आत्या घरोघरी जाऊन हे सांगून आली.

बंड्याला दर आठवड्याला औषधी शाम्पूनं अंघोळ घालायची होती, आणि आमच्याकडं नळाला पाणीच आठवड्यानं यायचं. "प्यायला पाणी नाय, अन् कुत्र्याला न्हाणं चाललंय," असं बायका तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायच्या. आत्या स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची आणि आपली बादली बंड्याला द्यायची. मी रागावले तर म्हणाली, "माझ्या वाटणीचं पाणी हाय. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन." फेस काही वेळ अंगावर मुरू द्यावा लागे. तोवर ती बंड्याचं तोंड हातात धरून एकोणतीसचा पाढा म्हणायची आणि तोही मुकाट उभा राहायचा.

मधे एकदा सुकत आलेल्या जखमा पुन्हा चिघळल्या. हात लावला की बंड्या केविलवाणा ओरडायचा. मला बघवेना. मी म्हणाले, "आत्या, पुरे आता. डॉक्टरांना सांगून त्याला सोडव यातून."

तिनं बंड्याचं तोंड आपल्याकडं वळवलं. मग म्हणाली, "दुखतंय म्हणून वरडतोय तो. मरायचंय म्हणून नाय." आणि कापूस घेऊन पुन्हा कामाला लागली.

दिवाळीपर्यंत त्याच्या पाठीवर नवे केस आले. बायकांनी आपले शब्द परत घेतले नाहीत, पण त्यांची पोरं बंड्याच्या गळ्यात हात घालू लागली. आत्याला तेवढं पुरलं.

दोन वर्षांनी आत्याला अर्धांगवायू झाला. पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या. भेटायला येणारे दारातूनच विचारपूस करून जायचे. बंड्या मात्र खाटेखालून हलत नसे. नर्सनं शिकवल्याप्रमाणं मी रोज तिला कुशीवर वळवून जखमा धुवायचे. पहिल्याच दिवशी तिनं अडखळत विचारलं, "वास येतोय का गं?"

"नाय."

"खोटं बोलू नको. हात चालू ठेव."

मी हात चालू ठेवला. त्या दिवशी आणि नंतरही, रोज. आत्या पुन्हा उठून बसली नाही. पण ती गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ मीच घातली, आणि तिच्या पाठीवर एकही जखम उघडी नव्हती.