ओसरीतल्या पत्र्यांना रंग

पिपरी मेघेच्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावानं, ओसरीच्या मधोमध सिमेंटचे सपाट पत्रे ठोकले. पत्रे तरी कसले, कापसाच्या जिनिंगच्या पाडलेल्या गोदामातले, हात लावला की पांढरी भुकटी पडणारे. रस्त्याकडची चांगली बाजू त्यांनी घेतली आणि दमेकरी सासूबाई आमच्याकडे ठेवल्या. मला राग आला, आणि तो मी जपून ठेवला.

ऐंशीच्या आसपासचा उन्हाळा. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हणून भासऱ्यांनी आपल्या बाजूनं पत्रे रंगवायला काढले. तारेच्या ब्रशनं, कोरडेच, दिवसभर खरखर घासले. पत्रे आढ्यापर्यंत पोचत नव्हते. धूळ वरून आमच्याकडे येई आणि खाली सासूबाईंची खाट. संध्याकाळी त्यांना अशी धाप लागली की सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांच्या लुगड्यावरची पांढरी धूळ पाहून तिथल्या डॉक्टरांनी विचारपूस केली आणि ह्यांना नीट समजावलं. या पत्र्यात बारीक तंतू असतात, छातीत गेले की निघत नाहीत. कोरडं कधी घासायचं नाही. आधी पाणी मारून भिजवायचं, मऊ ब्रशनं साबणाच्या पाण्यात धुवायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, पूर्ण वाळलं की मगच रंग. रंगाखाली भुकटी दबून राहते. पुन्हा अशी धूळ गेली तर आजींचं काही खरं नाही, असंही म्हणाले.

ह्यांनी ते भावाला सांगितलं. भासरे हसले. "डॉक्टरले रंगातलं काय समजते? बुढीचा दमा काय आजचा हाय?"

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

त्यांच्या बाजूला आकाशी ऑइल पेंट चढला, चकचकीत. मी आमच्या बाजूनं पोती भिजवून पत्र्याला टेकवून ठेवली. सासूबाईंना गारवा हवा, कोण काय म्हणणार? ओल लागली की ऑइल पेंट फुगतो, हे मी माहेरच्या न्हाणीच्या दारावर पाहिलं होतं. सकाळ-संध्याकाळ पोत्यांवर पाणी मारायचे. इतक्या मनापासून मी घरातलं दुसरं काम केल्याचं आठवत नाही. थोड्याच दिवसांत पलीकडे पापडासारखे फोड आले. जाऊबाई हळहळल्या तेव्हा मीही हळहळले. मनात उकळ्या फुटत होत्या.

पाहुणे दोन दिवसांवर आले आणि पलीकडे पुन्हा खरखर सुरू झाली. माझ्या पोत्यांनी आणलेले फोड भासरे कोरडेच खरवडत होते. सासूबाई उठून बसल्या. थोरल्याला त्या कधी बोलत नसत. दवाखान्यातून आल्यावरही "लग्नाचं काम हाय, होतेच" एवढंच म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, "मले त्याच्याकडे ने."

मी ओलं फडकं त्यांच्या तोंडाला धरायला दिलं. जाऊबाईंना हाक मारली आणि दोघींनी खाट उचलून पलीकडे, अगदी पत्र्याजवळ ठेवली. सासूबाई तिच्यावर बसल्या, मुलाकडे तोंड करून.

"घास ना बापा. थांबला काऊन? मरन यायचंच हाय तं तुह्या डोयासमोर येऊ दे."

भासऱ्यांचा हात खाली आला. त्यांनी ब्रश टाकला आणि विहिरीवरून बादली भरून आणली. आम्ही सासूबाईंना मागच्या अंगणात नेऊन बसवलं आणि मी परत आले.

आमच्याकडे सुनेनं भासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. डोक्यावर पदर घेऊन मी दारात उभी राहिले. सगळे पत्रे भिजवून, धुऊन, पुसून होईपर्यंत तिथून हलले नाही. घामानं निथळणारे भासरे मधूनमधून माझ्याकडे बघत, झालं का म्हणून. जिथं कोरडं राहिलं होतं, तिथं मी बोट दाखवायचे.