काकांनी न लिहिलेली वाक्यं

काकांच्या घरात लाल शाईचा गोल नसलेला कागद सापडणं अवघड होतं. सकाळचं वर्तमानपत्र त्यांच्या हातून सुटेपर्यंत पहिल्या पानावर पाच-सहा गोल पडलेले असायचे. ‘शहरात सर्वत्र आनंदाचे वातावरण’ या ओळीभोवती गोल काढून ते चष्म्यावरून विचारायचे, "सर्वत्र म्हंजे? ह्यो बाबा आपल्या गल्लीत कवा आला हुता?" लग्नपत्रिका, वीजमंडळाच्या नोटिसा, औषधाच्या बाटलीवरचे कागद, कशाचीच सुटका नव्हती. काकू वैतागून सांगायच्या, "आवं, आमच्या सोताच्या लग्नपत्रिकेवर दोन गोल हायेत. हळदीच्या अंगानं काढलेत." त्यावर काका गंभीरपणे म्हणायचे, "दोनच सापडलं. छापणारा बरा हुता."

अंगानं काडीसारख्या असलेल्या या माणसाला कॉलेजची पोरं ‘गोल काका’ म्हणायची ती यामुळे. काका मूळचे पलूसकडचे, ऊसवाल्यांच्या घरातले. भाऊ शेती बघायचा आणि काका कुपवाडला एका फौंड्रीत माल तपासायचे. लोखंड ओतून केलेले भाग त्यांच्या टेबलावर यायचे. छोट्या हातोडीनं ते ठोकून बघायचे, कान लावायचे, मोजायचे, आणि जिथं हवेचं भोक किंवा चीर दिसेल तिथं लाल पेंटनं गोल काढायचे. मग माल परदेशी जाणार असेल तर तो का नापास झाला याचा अहवाल इंग्रजीत लिहायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावर हातोडी गेली आणि लाल पेन आलं, एवढाच फरक.

माझी त्यांची गाठ मेंढरांमुळे पडली. आम्ही जतच्या बाजूचे धनगर. दिवाळीनंतर माझे वडील, म्हणजे आमचे तात्या, कळप घेऊन खाली यायचे आणि काकांच्या भावाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. मी एमएस्सीला सांगलीत आले तेव्हा तात्यांनी त्या भावाकडे शब्द टाकला आणि काकांच्या घरातली वरची खोली मला मिळाली. पहिल्या दिवशी काकांनी माझा विषय विचारला. मी ऐटीत इंग्रजीत सांगितला. ते म्हणाले, "आता काकूला कळंल असं सांग." मी पुन्हा तेच इंग्रजी शब्द जुळवू लागले. ते म्हणाले, "मग तुलाबी अजून कळला न्हाई."

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. इंग्रजी निबंधात तालुक्यात पहिली आलेली मुलगी मी. गाईडमधले निबंध पूर्णविरामासकट पाठ असायचे. आणि हे काका तर दहावीला इंग्रजीतच नापास झालेले! ती हकिकतही त्यांनीच हसत हसत सांगितली होती. पेपरात ‘मी पक्षी झालो तर’ असा निबंध होता. काकांनी लिहिलं, ‘मी पक्षी नाही. मला पंख नाहीत.’ आणि पुढचा प्रश्न घेतला. "खरं तेवढंच लिवलं गड्या," असं ते सगळ्यांना सांगायचे, "पर मास्तरला उडायचं हुतं."

माझा प्रबंध रानातल्या चरण्यावर होता. मेंढ्या कोणती झुडपं, कोणतं गवत खातात आणि कोणतं सोडतात, हे बघायला मी सुट्टीतले कितीतरी दिवस एकेका मेंढीमागे उन्हात चालले होते. वहीत सगळं टिपून ठेवलं होतं. मग लिहायला बसले आणि वही बाजूला ठेवून, मला येत होतं ते केलं. दहा-बारा शोधनिबंध आणले, पाठ केले आणि पुस्तकाकडे न बघता झरझर लिहून काढले. प्रबंध संगणकावर तपासणीला गेला आणि बहुतेक पानं पिवळी होऊन परत आली. ही वाक्यं दुसऱ्यांची आहेत, असं यंत्र म्हणत होतं.

मार्गदर्शक मॅडमनी बोलावून विचारलं, "हे तू कॉपी केलंस?"

मी शपथेवर सांगितलं, "नाही मॅडम. पाठ केलं."

मॅडम हसल्या नाहीत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मला जागा मिळाली होती, पण महिनाअखेर प्रबंध मंजूर झाला तरच. "सगळं स्वतःच्या शब्दांत लिहून आण," त्या म्हणाल्या, "नाहीतर जागाही गेली आणि वर्षही गेलं." मी खोलीवर येऊन रडले. स्वतःचे शब्द म्हणजे कोणते, हेच मला माहीत नव्हतं. इंग्रजीत माझ्याजवळ एकही शब्द माझा नव्हता, सगळे उसने होते.

काकू जेवायला हाक मारायला आल्या आणि सगळं समजून घेऊन खाली गेल्या. थोड्या वेळानं काकाच जिना चढून आले. "आण हिकडं," म्हणाले. पहिलं वाक्य होतं, ‘सिन्स टाइम इमेमोरियल’, म्हणजे अनादी काळापासून, मेंढ्या माणसाच्या सोबतीला आहेत. काकांनी गोल काढला. "कवापास्नं? तू हुतीस का तवा?" दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं की मेंढ्या निवड न करता, दिसेल ते खातात. त्यांनी माझी वही मागितली. मेंढीचा नंबर, तारीख, झुडूप, किती वेळा तोंड घातलं, सगळं बोट फिरवत वाचलं. मग म्हणाले, "हितं तर तरवडाम्होरं रोज शून्य हाय. रोज शून्य! मग मेंढी खोटी का तू खोटी?"

"आवं काका, पुस्तकात तसं आहे."

"पुस्तकवाला तुझ्या मेंढीमागं चालला हुता व्हय?"

त्या एका प्रश्नानं माझं वर्षभराचं पाठांतर खाली बसलं. मला हसूही आलं आणि लाजही वाटली. लहानपणापासून मी तरवडाच्या झुडपांतून मेंढरं हाकली, एकाही मेंढीनं त्याला तोंड लावलेलं पाहिलं नव्हतं, आणि तरी मी उलटं लिहिलं होतं. इंग्रजी लिहिताना मी डोळे मिटून घेत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी मोटारसायकल काढली आणि मला मागे बसवून पलूसला भावाच्या रानात नेलं. तात्या कळपाजवळ बसले होते. काका म्हणाले, "तात्या, पोरगी तुमाला तिचा प्रबंध सांगनार हाय. मराठीत. जिथं खोटं वाटंल तिथं थांबवायचं." तात्यांनी फेटा सारखा केला आणि तोंडी परीक्षा सुरू झाली. तरवडाला ते म्हणाले, "ह्ये बराबर. भुकंनं मेलं तरी मेंढरू तरवड खात न्हाई." पण बाभळीच्या शेंगांपाशी त्यांनी मला अडवलं. "सरसकट न्हाई गं. वाळून खाली पडल्या की खात्यात. तू कंच्या महिन्यात बघितलंस त्ये बी सांग की." काका मांडीवर थाप मारून ओरडले, "ह्यो खरा इन्स्पेक्टर!" परत येताना मी मागच्या सीटवर मनातल्या मनात इंग्रजी जुळवत होते आणि पहिल्यांदाच ते कुठल्याही पानावरून येत नव्हतं.

मग काकांची तपासणी सुरू झाली. मी मोठ्यानं वाचायचे, ते डोळे मिटून टेबलावर बोट धरून बसायचे. एखादं वाक्य पोकळ वाटलं की बोट टेबलावर आपटायचं आणि "बद्द वाजतंय" एवढंच म्हणायचे. बद्द वाजणारी वाक्यं बहुधा लांबलचक आणि भारी शब्दांची असायची. मी वाद घालायचे. "काका, शैक्षणिक लिखाणात असंच लिहितात." ते म्हणायचे, "असंल. जड मालातच भोकं जास्ती असत्यात."

पण एका बाबतीत त्यांनी माझा जीव खाल्ला. ते गोल काढायचे आणि थांबायचे. बरोबर काय, ते कधी सांगायचे नाहीत. दिवस भराभर चालले होते आणि एकेका परिच्छेदावर माझे तीन-तीन तास जात होते. एकदा मी अक्षरशः हात जोडले. "काका, एवढं एक वाक्य लिहून द्या. तुम्ही इतके अहवाल लिहिलेत. एकच."

"न्हाई."

"महिना संपत आलाय. जागा जाईल माझी."

"जाऊ दे."

काकूंनाही ते सहन झालं नाही. "आवं, दोन शबुद लिवलं म्हनून हात झडत्यात व्हय तुमचं?" त्या दिवशी काका पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "मी ओतत न्हाई. मी बघतो. तपासनाऱ्यानं भोक बुजवलं तर ओतनारा पुन्यांदा तसाच माल काढतोय." असं म्हणून ते चप्पल घालून बाहेर गेले. मी त्यांना मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. रागारागात ते वाक्य सात वेळा लिहिलं. सातव्यांदा त्यांच्यापुढे टाकलं तेव्हा टेबलावर बोट आपटलं नाही.

शेवटी आभाराचं पान लिहिलं. ‘काकांच्या मदतीशिवाय हा प्रबंध शक्यच नव्हता’ असं मी मनापासून लिहिलं होतं. त्यांनी सबंध वाक्याभोवती गोल काढला. "माझ्याबिगर करून बघितलंस का? मग शक्य नव्हतं, ह्ये तुला कसं कळलं?" वाक्य काढावं लागलं. ठरल्या दिवशी प्रबंध दिला. या वेळी पानं पांढरी राहिली.

संकट टळलं असं मला वाटलं, पण ते तोंडी परीक्षेत दबा धरून होतं. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांसमोर माझे दोन्ही प्रबंध होते, पिवळा आणि पांढरा. दोन्ही चाळून त्यांनी शांतपणे विचारलं, "हा दुसरा तुला कुणी लिहून दिला?"

मी म्हटलं, "मीच लिहिलाय." त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. वीस-बावीस दिवसांत कोण एवढं बदलतं? पिशवीत माझे कच्चे कागद होते. ते मी पुढे केले. त्यावरची लाल शाई बघून मॅडमनी डोळेच मिटले. परीक्षक एकेक पान उलटत गेले. सगळीकडे गोल होते. लाल शाईतला एक शब्द ते शोधत होते आणि तो कुठंच नव्हता. अक्षर सगळं माझं होतं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं.

"ह्या माणसानं बरोबर काय ते एकदाही लिहून दिलं नाही?"

"नाही सर. मी पाया पडले तरी नाही."

ते थोडे हसले, तरी पूर्ण पटलेलं दिसलं नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "तरवडाबद्दल तुला काय आढळलं ते लिही. इथंच." पेन हातात घेतलं आणि डोक्यात जुनी पाठ वाक्यं रांग लावून उभी राहिली, अगदी ‘इमेमोरियल’ सकट. मी त्यांना उभंच ठेवलं. उन्हातली मेंढी आठवली, वहीतलं शून्य आठवलं, आणि सहा वाक्यं लिहिली. छोटी होती, पण मला माहीत होतं तेवढंच त्यांत होतं.

परीक्षकांनी वाचलं. पाचव्या वाक्यावर पेन टेकवून म्हणाले, "इथं चूक आहे." मग त्यांनी कागद फाइलीत ठेवला आणि म्हणाले, "पण चूक तुझी स्वतःची आहे. जा पुण्याला."

काका कॉलेजच्या फाटकाशी मोटारसायकलला टेकून उभे होते. मी धावत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कागद कुठाय?" मी म्हटलं, फाइलीत राहिला. त्यांनी मग चष्मा काढून शर्टाला पुसला. मला वाटलं, बघायला मिळाला नाही म्हणून हळहळले असतील. मोटारसायकलला किक मारताना म्हणाले, "माझ्या नजरंखालनं न जाता गेला. बेस झालं."

त्यानंतर काका-काकू पुणे-सांगली रस्त्यावरच्या खंडाळ्याला लेकीकडे राहायला गेले. मी पुण्याहून गावाकडे निघाले की वाटेत एसटीतून उतरून तासभर त्यांच्याकडे जाते. माझा पहिला शोधनिबंध छापायला पाठवायच्या आधी मी मोठ्या आशेनं त्यांच्यापुढे ठेवला. लेकीच्या शेजारची दोन पोरं त्यांचे निबंध घेऊन बसली होती आणि काका त्यांवर दणादण गोल काढत होते. माझा निबंध मात्र त्यांनी उघडला नाही, तसाच परत दिला.

"काका, चुका असतील की," मी म्हटलं.

"असतील. तुझ्या तू शोध."

मला फार वाईट वाटलं. पदवी मिळाली, जागा मिळाली, आणि त्या बदल्यात जगातला माझा एकुलता एक तपासनीस गेला, असं वाटलं. डोळे भरून आले ते त्यांनी बघितलं असावं, कारण त्यांनी पेनाला टोपण लावलं, पोरांना म्हणाले, "तुमी जरा थांबा रं," आणि खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली.

"पास झालेल्या मालाला पुन्यांदा हात लावायचा नसतो, पोरी. बस. तात्या मेंढरं घिऊन कुठवर आल्यात, त्ये सांग."

मी सांगू लागले. काकू चहा ठेवायला आत गेल्या, आणि काका मला मधे एकदाही न थांबवता ऐकत राहिले.