नऊवारीत मावेल असं पिस्तूल

कल्पना करा, तुम्हाला पिस्तूल घ्यायचंय. रीतसर, परवाना काढून. ते कायम अंगावर बाळगायचंय आणि कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाहीये. दुकानदार विचारतो, "ठेवणार कुठं?" तुम्ही पँटचा खिसा दाखवाल, फार तर कोटाचा. आता अशी कल्पना करा की तुम्हाला खिसाच नाही. तुम्ही नऊवारी नेसता. सकाळी म्हशीची धार काढायला बसता, दुपारी कांद्याची रोपं लावायला वाकता, आणि कुणाच्याही घरी गेलात तरी तिथल्या थोरामोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय टेकत नाही. सांगा, कुठं ठेवाल?

लंकाबाईंपुढं हाच प्रश्न होता. साल २००२.

त्यांचं गाव सायखेड्याच्या पुढं, गोदावरीच्या काठावर. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा गाव धरूनच चाललं होतं की लंकाबाई अंगठा उमटवणार आणि कारभार केरू बघणार. केरू म्हणजे त्यांचे मालक. त्यांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. "मला सभेत झोप येती. निवडून तू आली, बोल तूच."

लंकाबाई बोलल्या. नदीतून रात्रंदिवस वाळू उपसली जात होती आणि काठच्या विहिरी तळाला चालल्या होत्या. त्यांनी ठराव करून नदीत उतरणाऱ्या गाडरस्त्यावर आडवा चर खोदला. ट्रक थांबले. मग एका सकाळी त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल कापलेली सापडली. आणखी काही दिवसांनी सायखेड्याहून पायी येताना मागून आलेली जीप त्यांना इतकी घासून गेली की त्या थेट बाभळीत पडल्या. जीप थांबली, आतून आवाज आला, "सरपंचबाई, पुढच्या खेपेला बाजूनं जाणार नाय."

तक्रार झाली, चौकशी झाली. लंकाबाईंनी परवान्याचा अर्ज केला तो स्वतःच्या नावानं, आणि वर्षभर हेलपाटे घालून तो मिळवला.

केरूंच्या डोळ्यांसमोर दुनळी बंदूक होती. "खांद्यावर टाकायची. लांबून दिसली पाहिजे."

"आणि हळदीकुंकवाला? तिथं पण खांद्यावर टाकून जाऊ?"

"वाण कोण कमी द्यायचं नाय!"

लंकाबाई हसल्या, पण त्यांचं मन ठाम होतं. हत्यार दिसता कामा नये. त्याला कारण होतं फकिरा. फकिरा केरूंचा जुना मित्र आणि ग्रामसभेतला कायमचा विरोधक. चरामुळं त्याच्या ट्रॅक्टरला वळसा पडायचा, म्हणून तो प्रत्येक सभेत उठायचा. "वहिनी, तुमचा चर म्हंजे दुखणं गुडघ्याला आन् पट्टी कपाळाला!" सभा हसायची, लंकाबाई चिडायच्या, आणि घरी येऊन विचार करायच्या की याच्या बोलण्यात थोडं खरं आहे. मग ठराव सुधारायचा. ट्रॅक्टरसाठी बांधावरून वेगळी वाट निघाली ती फकिराच्याच भांडणातून. आता सरपंचाच्या कमरेला पिस्तूल दिसलं तर उद्या सभेत तोंड कोण उघडणार? जीपवाल्यांची भीती आपल्याला नको आणि आपली भीती गावाला नको, एवढंच त्यांना साधायचं होतं. म्हणून छोटं हवं. अगदी छोटं.

नाशकात हत्यारांचं दुकान चालवणाऱ्या ललितभाऊंनी हे सगळं ऐकून घेतलं. दुकान खाली, घर वर. दुपारची वेळ होती, म्हणून त्यांची म्हातारी आई सरुबाई खाली येऊन खुर्चीवर लसूण सोलत बसली होती. ललितभाऊंनी काचेवर तीन हत्यारं मांडली. प्रत्येक उघडून रिकामं असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग लंकाबाईंना दाखवलं. "मावशी, रिकामं आहे असं देवानं येऊन सांगितलं तरी आपण उघडून बघायचं."

पहिलं होतं सरकारी कारखान्यात बनलेलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. केरूंना ते पाहताक्षणी आवडलं. रिव्हॉल्व्हर भरवशाचं, कारण त्यात बिघडायला फारसं काही नसतं. पण गोळ्यांचं गोल नळकांडं मधोमध फुगलेलं असतं आणि मागं घोडा बाहेर आलेला असतो. दुसरं पंचवीस बोअरचं जुनं विलायती पिस्तूल, तळहातात झाकलं जाईल एवढं. तिसरंही जुनं विलायती, पण बत्तीसचं. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं विकायला ठेवलेलं. चपटं, कडा गोल झालेल्या, आणि घोडा आत लपलेला.

लंकाबाईंनी रिव्हॉल्व्हर उचललं, कनवटीला खोचलं. सुपारीची चंची खोचावी तसं. मग इकडं तिकडं पाहिलं आणि सरळ सरुबाईंच्या पायाशी वाकल्या.

"अखंड सौभाग्यवती—" सरुबाईंचा आशीर्वाद अर्धाच राहिला. घोडा निऱ्यांत अडकला, पदर ओढला गेला आणि ते सगळं वजन धाडकन फरशीवर आदळलं, म्हातारीच्या अंगठ्यापासून चार बोटांवर.

"अगं बाई! पाया पडायला आलीस का पाय मोडायला?"

केरूंना हसू आवरेना. ललितभाऊंना मात्र घाम फुटला. त्यांनी शांतपणे रिव्हॉल्व्हर उचलून ठेवलं. "मावशी, भरलेलं असतं तर? कनवटीला खोचायचं नाही, कधीच. चाप झाकला जाईल अशी म्यान पाहिजे, आणि ती कमरेला घट्ट बांधलेली पाहिजे."

"ते करू. पण वाकायचं तर मला सुटत नाय. हे बघून घेऊ द्या."

मग ललितभाऊंनी चामड्याची पट्टेदार म्यान काढली. सरुबाई लसूण बाजूला ठेवून लंकाबाईंना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि पट्टा नऊवारीच्या खाली कसा बसेल ते स्वतः पाहून बांधून दिला. पुढची घटकाभर दुकानात एकच काम चाललं. लंकाबाई वाकायच्या, सरुबाई आशीर्वाद द्यायच्या. लंकाबाई उकिडव्या बसायच्या, धार काढल्यासारखे हात हलवायच्या, उठायच्या, पुन्हा पाया पडायच्या. शेवटी सरुबाई म्हणाल्या, "आता पुरे गं. एवढं सौभाग्य दिलंय की हा माणूस आता काही जात नाही." आणि केरूंकडं बोट दाखवलं.

छोटं पंचवीसचं सर्वांत उत्तम बसलं. बाहेरून काही म्हणून कळत नव्हतं. लंकाबाईंनी तेच धरलं. पण ललितभाऊंनी मान हलवली. याची काडतुसं आता मिळत नाहीत, मिळाली तरी महाग, मग सराव कशावर करणार? "जे चालवून हात बसलेला नाही, ते जवळ असून नसल्यासारखं. उलट त्याच्या जिवावर तुम्ही नको तिथं थांबाल." ते पिस्तूल जास्त किमतीचं होतं. तरीही ते विकायला त्यांनी नकार दिला.

राहिलं चपटं बत्तीसचं. ते किंचित जाड होतं, म्हणून सरुबाईंनी तोडगा सांगितला. म्यान पुढं नको, डाव्या कुशीला बांध आणि पदर त्या बाजूनं घे. लंकाबाई वाकल्या. काही अडकलं नाही, काही पडलं नाही. ललितभाऊंनी पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढायला सांगितला. त्याची स्प्रिंग कडक असते, पहिल्यांदा भल्याभल्यांचा अंगठा सटकतो. लंकाबाईंनी तो एका झटक्यात ओढला.

"मावशी, जोर आहे हातात!"

"दोन म्हशी हायेत घरी."

सराव झाला, पोलीस ठाण्यात नोंद झाली, आणि लंकाबाईंच्या डाव्या कुशीची गोष्ट केरूंशिवाय गावात कुणाला कळली नाही.

ते बाहेर काढायची वेळ एकदाच जवळ आली. संध्याकाळी त्या मक्याच्या बांधावर घास कापत होत्या. मोटारसायकलवरून तिघं आले आणि चर बुजवा म्हणू लागले. लंकाबाई उठून उभ्या राहिल्या. विळा खाली ठेवला आणि उजवा हात पदराखाली डाव्या कुशीवर नेला.

त्यातला एक हसला. "काय बाई, पोटात दुखतंय का?"

"दुखतंय तर. तुम्ही आल्यापासून."

"चर बुजणार का नाय?"

"नाय. सभेत या, तिथं बोला. इथं माझी म्हैस वाट बघती."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाई मागं सरकत नव्हती, आवाजही चढवत नव्हती. शिव्या देत ते निघून गेले. लंकाबाईंनी हात बाहेर काढला तेव्हा तो रिकामा होता. तो रिकामा राहिला याबद्दल त्यांनी तिथंच नदीकडं तोंड करून हात जोडले. त्या दसऱ्याला झेंडूची पाटी आणि आपट्याची पानं घेऊन त्या नाशकाला गेल्या. सरुबाईंच्या पाया पडल्या, ललितभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, तुमी ते छोटं दिलं नाय, लय उपकार झाले. हात बसलेला होता म्हणून काढावं लागलं नाय." पुढं सरुबाई असेपर्यंत त्यांचा एकही दसरा चुकला नाही.

पण गुपित टिकलं नाही. २००४ साली लोकसभेची निवडणूक लागली आणि परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. लंकाबाई सकाळीच गेल्या, पण ठाण्यात गावचे चारजण कुठल्याशा भांडणाच्या जबाबासाठी बसलेले. त्यांच्यासमोरच पिशवीतून पिस्तूल निघालं. बाई पदराखाली काय बाळगतात ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आणि होता होता पिस्तुलाची स्टेनगनही झाली.

निवडणुकीनंतरच्या ग्रामसभेत लंकाबाईंनी चर कायमचा करून काठानं झाडं लावायचा ठराव मांडला. फकिरा काय काय म्हणेल याचा विचार त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवला होता. पाणी कोण घालणार, शेरडं खातील त्याचं काय, बांधावर सावली पडेल त्याचं काय. फकिरा उठला. टोपी सारखी केली. "वहिनी म्हणत्यात ते बरोबर हाय," म्हणाला आणि बसला.

ठराव झाला. झाडं लागली. विहिरींना पाणी आलं. लंकाबाईंची मुदत संपली तेव्हा गावानं त्यांना साडीचोळी केली, आणि भाषणात त्यांनी सर्वांत आधी आभार मानले ते फकिराचे. "भाऊजी भांडले म्हणून माझे ठराव धड झाले," म्हणाल्या. फकिरा खाली बघून हसला.

अजून तो रोज डेअरीवर भेटतो. म्हशीचं विचारतो, कांद्याच्या भावाचं बोलतो. लंकाबाईंच्या ओठांवर दर वेळी एक गोष्ट येते, आणि दुधाची कॅन उचलून त्या घरी निघतात. भाऊजी, त्या दिवशी झाडांचं तुम्हाला खरंच पटलं होतं का, की तुम्ही माझ्या डाव्या कुशीकडं बघून खाली बसला होता?