आगाऊ फेडलेला नवस

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही धड सांगता यायचं नाही. भांडण मात्र रोजचं होतं, आणि ज्याच्याशी रोज भांडतो तो नाहीच असं म्हणायलाही तोंड नव्हतं. साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी चोपड्याजवळच्या एका गावात बालवाडी चालवत असे. मारुतीच्या देवळाची ओसरी ही आमची शाळा, आणि घंटा म्हणजे देवळाचीच घंटा. माझ्या पोरांत चंद्री होती. दोन वर्षांची असताना ताप आला आणि तिचे पाय गेले. डावा अगदीच लुळा, उजव्यात थोडा जीव. तिचे आजोबा, म्हणजे आबा, रोज तिला खांद्यावर आणून ओसरीवर बसवायचे. पायांची कसर पोरीने जिभेने भरून काढली होती. गाण्यात पुढे, गोष्टीत पुढे, चहाड्या सांगण्यात तर फारच पुढे.

जूनमध्ये तिला पहिलीत जायचं होतं. मी गावच्या शाळेत हेडमास्तर गुरुजींकडे गेले. भला माणूस, पण नियमाचा पक्का. म्हणाले, "मुलगी स्वतः चालत वर्गात आली पाहिजे. इथे कडेवर घेऊन फिरायला कुणी रिकामं नाही." माझं डोकं असं फिरलं म्हणता! "येईल चालत! बघाच तुम्ही!" म्हणून ताडताड निघून आले, आणि फाटकाबाहेर पडल्यावर कळलं, काय बोलून बसले ते. चंद्री चालली नाही तर आबा तिला घरीच ठेवणार होते. घरी ठेवलेल्या पोरी मी पाहिल्या होत्या, दाराआड बसून त्या तिथेच मोठ्या व्हायच्या. 

शेवटी मुक्ताईला नवस बोलले. पोर चालू दे, तिच्या भारंभार, म्हणजे तिच्या वजनाइतकी, केळी वाहीन. पण माझा स्वभाव आडवा. नवस आधी बोलतात आणि काम झाल्यावर फेडतात, ही जगाची रीत. मला वाटलं, देवाच्या हातात मोकळा वेळ दिला की तो टाळाटाळ करतो. आपण आधीच फेडून टाकू, म्हणजे मुक्ताईला मागे फिरता यायचं नाही. हे ऐकून आबांनी कपाळाला हात लावला. "ताई, मुक्ताईवर इस्वास नई शे का तुमले?" मी म्हटलं, "आहे म्हणून तर आधी देतेय!" ते मान हलवत आपल्या बागेत गेले. तरी केळीचे घड काढून दिले त्यांनीच.

महाशिवरात्रीच्या यात्रेला आम्ही मुक्ताईच्या एदलाबादला निघालो. एस.टी.त मी, आबा, चंद्री आणि पोतंभर केळी. कंडक्टर म्हणाला, "बाई, ही गाडी आहे की केळीची वखार?" त्यालाही प्रसाद म्हणून केळ्यांची एक फणी देऊन गप्प केलं. देवळाबाहेर लिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात चंद्री बसली, दुसऱ्यात केळी चढू लागली. आता सकाळपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं, उपासाच्या घोळात मीच विसरले होते. समोर पिवळीधमक रास! ती ओरडली, "माले केय जोयजे!" आबा म्हणाले, "मुक्ताईनी शे, हात नको लावू." तिने ऐकलं असतं तर ती चंद्री कसली? दोन्ही हातांनी पारड्याच्या साखळ्या गच्च धरल्या, उजवा पाय रोवला, दात आवळले, आणि हलत्या पारड्यात ती चक्क उभी राहिली! एका हाताने साखळी धरून दुसऱ्या हाताने समोरच्या पारड्यातलं केळं ओढलं आणि तिथेच सोलून खायला लागली.

लोकांनी 'मुक्ताई, मुक्ताई' असा एकच गजर केला. आबा ढसाढसा रडत होते. मीही रडले, खोटं कशाला बोलू? आणि मग माझ्या शेजारी कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बाई, पोरीला धरायला मिळालं म्हणून ती उभी राहिली." वळून पाहिलं तर लाकडी खेळणी विकणारे एक म्हातारे सुतार होते, उस्मानचाचा. त्यांचं दुकान लिंबाखालीच मांडलेलं होतं, त्यात तान्ह्या पोरांचे पांगुळगाडेही होते. म्हणाले, "घड आला की केळीला तुम्ही टेकू देता ना? तेव्हा केळीला म्हणता का, आधी स्वतःच्या पायावर उभी राहा?"  त्यांनी सुतळीने चंद्रीची उंची मोजली, काखेपर्यंत, कमरेपर्यंत, आणि सुतळीला गाठी मारल्या. पंधरा दिवसांनी ते एस.टी.च्या टपावरून एक भला थोरला पांगुळगाडा घेऊन गावात उतरले. तीन चाकं, दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या. आम्ही ना पत्ता दिला होता, ना आगाऊ काही. गावाचं नाव फक्त चंद्रीने बडबडीत सांगितलं होतं.

मग मार्च ते जून केळीच्या बागेतल्या वाटेवर चंद्रीचा गाडा आणि त्यामागे माझी आरडाओरड. ती पडली, रडली, मला शिव्याही दिल्या. पण जूनमध्ये ती फाटकापासून वर्गापर्यंत जाईल एवढी तयार झाली.

शाळेचा पहिला दिवस. गाडा खडखडत अंगणातून निघाला, मी छाती काढून मागे. आणि वर्गासमोर तीन पायऱ्या! त्या शाळेत मी शंभरदा गेले असेन. पायऱ्या माझ्या पायांना माहीत होत्या, डोक्यात एकदाही आल्या नाहीत. वर गुरुजी उभे.  मनात म्हटलं, मुक्ताई, आधी घेतलंस ना गं? आता काय ते तू बघ, माझ्या हातात काही उरलं नाही. एवढं शरण मी कधी कुणाला गेले नव्हते.

चंद्रीने मान वर केली आणि ओसरीवर पोरांना दरडावते त्याच आवाजात म्हणाली, "गुर्जी, पुढथीन धरा ना! माले वर येवानं शे."

आणि गुरुजी खाली उतरले. टोपी सावरली, वाकले, पुढून गाडा धरला, मागून मी. पोरीसकट तो वर चढला. घाम पुसत ते म्हणाले, "हे धूड रोज कोण उचलणार?" दुसऱ्या रविवारी त्यांनी स्वतः उभं राहून पायऱ्यांच्या कडेला दगडमातीचा उतार करून घेतला.

मी मुक्ताईकडे चंद्रीचे पाय मागितले होते. ते काही तिने दिले नाहीत. गाड्याशिवाय चंद्री कधीच चालली नाही, पण सातवीपर्यंत तिथेच शिकली, आणि चाचांनी येऊन दोनदा गाड्याची उंची वाढवली. काय द्यायचं ते मुक्ताईला कळत होतं, मीच उगाच यादी हातात देत होते.

आता माझे गुडघे गेले. परवा झेंडावंदनाला शाळेत बोलावलं होतं. तीन पायऱ्यांसमोर थबकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि काठी टेकत त्या उतारावरून वर गेले. वर पोचल्यावर हात जोडले. माझा नवस तर मी केव्हाच फेडून बसले होते, पण मुक्ताई अजून देतेच आहे.