सिनेमात मरणारा लिब्रादो

लिब्रादो ओचोआ आठवडाभर लोकांच्या भिंतींना गिलावा करायचा आणि शनिवार-रविवारी सिनेमात मरायचा. सत्तरच्या दशकातले ते स्वस्तातले सिनेमे, रक्ताला चटावलेल्या प्रेक्षकांसाठी काढलेले. त्यात तो कधी दरोडेखोर, कधी चाकूवाला गुंड. जाड मिशी आणि कपाळावरचा व्रण बघूनच त्याला काम मिळे. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या आपल्या मेक्सिकन वस्तीत त्याचं भारी कौतुक होतं. आई एदुविहेस मात्र थेटराची पायरी चढत नसे. "नऊ महिने पोटात वाढवला तो काय गोऱ्यांच्या गोळ्या खायला?" असं ती शेजारणींना ऐकवायची.

एकदा वाळवंटात मोटरसायकलवाल्या टोळीच्या सिनेमाचं काम चाललं होतं. दिग्दर्शक हॅलोरन म्हणाला, "मरताना तुझ्या भाषेत दोन शिव्या हासड. कुणाला कळतंय?"

लिब्रादो वाळूत कोसळला. उन्हानं डोकं भणभणत होतं. शिवी काही तोंडात येईना. "आई, दार लावू नकोस," तो स्पॅनिशमध्ये म्हणाला, "मी येतोय."

"झकास शिवी," हॅलोरन खूश झाला.

सिनेमा लागला तेव्हा लिब्रादोची बायको चेला रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सासूला परस्पर थेटरात घेऊन गेली. शिट्ट्यांनी दणाणणारं थेटर त्या वाक्याला चिडीचूप झालं. एका म्हाताऱ्यानं हॅट काढून मांडीवर ठेवली. एदुविहेस उठली आणि चालू लागली.

घरी तिनं मुलापुढे घेवड्याची ताटली आदळली. "माझं नाव घेत मेलास. परत असं केलंस तर याद राख."

"काय करू, आई? मेल्याशिवाय काम देत नाहीत."

"मग जगायचं काम माग. देवानं तोंड दिलंय ना?"

लिब्रादोनं भीतभीत मागितलं. हॅलोरन पोट धरधरून हसला. पण त्या एका वाक्यापायी मेक्सिकन वस्तीतली थेटरं भरून वाहिली होती, हे त्यालाही ठाऊक होतं. पुढच्या सिनेमात लिब्रादो घोडेचोर झाला आणि शेवटी घोड्यासकट निसटला.

तो सिनेमा लागला त्या दिवशी एदुविहेस मक्याच्या पिठाच्या वाफाळत्या तामालेंची पिशवी घेऊन गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांसह थेटरात आली. सिनेमा संपला. साऱ्याजणी तिच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"जगला खरा," ती म्हणाली, "पण अख्ख्या सिनेमात मेल्यानं एकदा तोंड धुतलं नाही."

पुढेही लिब्रादो पुष्कळदा मेला. पोटासाठी मरावंच लागे. नवा सिनेमा आला की एदुविहेस आधी सुनेला गाठून विचारायची, "यात जगतो का गं?" चेलानं छातीवर क्रूसाची खूण केली, की ती तो रविवार घरीच काढायची.